तिसऱ्या स्टँडवरची आतली खुर्ची

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चोपन्न, व्यवसाय शहराच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवणे, हे मृत्युपत्र आज पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि बिनसाखरेचा चहा पिऊन लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. रक्ताचा दाब आहे, पण कायद्याच्या दृष्टीने तो दडपणात धरत नाहीत, असे माझ्या वकील दादाचे मत आहे.

येत्या गुरुवारी सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका, मी रोज दोन करतो." आमचे कंडक्टरसाहेबही एकेक सिंफनी वर्षानुवर्षे करत आले आहेत. म्हणूनच काळजी वाटते.

याआधी मी सत्ताविसाव्या वर्षी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्यात सगळे काही दादाला दिले होते. तेव्हा माझे लग्न झाले नव्हते आणि दादाने माझ्या वाद्याला 'सुजलेलं व्हायोलिन' म्हटले नव्हते.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की हा सारा खटाटोप घरासाठी किंवा शिलकीसाठी नाही. तो एका खुर्चीसाठी आहे, आणि ती खुर्ची माझ्या मालकीची नाही. दादाने इथे पेन्सिलीने 'मग लिहितोस कशाला?' असे विचारले आहे. दादा, कलम सहा वाच.

कलम एक. राहते घर, त्यातील सर्व सामान आणि बँकेतील शिल्लक माझ्या पत्नीस मिळावी. ती शाळेत भूगोल शिकवते आणि मी जगाच्या नकाशावर नेमका कुठे आहे हे तिला नेहमी माझ्याआधी कळते. हे कलम तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "एवढंच? आणि बावीस वर्षं तुझा रियाज ऐकला त्याचं काय?" त्याबद्दल तिला शांतता देत आहे. त्यावर ती म्हणाली, "पण ती लगेच नको." हे वाक्य खोडायचे नाही, असे मी दादाला बजावले आहे.

कलम दोन. माझा व्हायोला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: तो व्हायोलिनहून थोडा मोठा असतो, आवाजाने थोडा खोल असतो आणि कौतुकाच्या बाबतीत बराच मागे असतो. वर व्हायोलिने, खाली चेलो, मध्ये आम्ही. माझे वडील संस्कृतचे शिक्षक होते. मी हे वाद्य घरी आणले तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन तपासले आणि म्हणाले, "तत वाद्य आहे, तारांचं, म्हणजे कुळ चांगलं. पण हे मधलंच का रे घेतलंस?" मी म्हटले, "बाबा, मधलं काढलं की वरचं आणि खालचं एकमेकांशी बोलत नाही." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मध्यमपदलोपी समासातही मधलं पद दिसत नाही, पण अर्थ त्याच्याच जोरावर लागतो." माझ्या वाद्याला मिळालेली ती पहिली आणि शेवटची दाद.

हा व्हायोला भिंगरीला द्यावा. भिंगरी ही माझी शिष्या, वय तेहेतीस, कपडे लहानमोठे करून देण्याचे दुकान चालवते. ती स्वस्थ बसत नाही म्हणून हे नाव पडले. तिचे हात आखूड आहेत आणि माझा व्हायोला लांब आहे. वाद्यदुरुस्तीवाले म्हणाले, "बाई, दोन बोटं कापून देतो." ती म्हणाली, "कोणाची?" वाद्य कापू देणार नाही म्हणून तिने वर्षभर स्वतःचा खांदा वळवायला शिकवले. दुसऱ्यांच्या बाह्या दिवसभर कापणाऱ्या बाईने हे करावे, यापलीकडे मला तिच्या पात्रतेचा दाखला देता येत नाही.

कलम तीन. विनोदांची वही. वाद्यवृंदात व्हायोलावाल्यांवर विनोद करण्याची जुनी रीत आहे. मी ते सगळे तारीखवार लिहून ठेवले आहेत. नमुने: व्हायोलावाला आणि कुंडीतले रोपटे यांत फरक काय? रोपट्याकडे अधूनमधून कोणीतरी बघते. व्हायोलावाला लिफ्टमध्ये अडकला आहे हे कसे ओळखावे? ओळखता येत नाही, म्हणून तर तो अजून आत आहे. ही वही पहिल्या व्हायोलिनांच्या रांगेस द्यावी. त्यातील ज्या एकतीस विनोदांना ते सर्वांत जास्त हसले, ते मी स्वतः रचून त्यांच्यात सोडले होते. त्यांच्यापुढे फुली आहे. सावकाश शोधावेत.

कलम चार. कंडक्टरसाहेबांस काहीही देऊ नये. कारण नोंदवणे भाग आहे.

आमच्याकडे दोन वादकांत एक स्टँड असतो, त्यावर एकच वही. प्रेक्षकांच्या बाजूला बसतो तो बाहेरचा, दुसरा आतला. पान संपत आले की आतल्याने वाजवणे थांबवायचे, हात लांब करायचा आणि पान उलटायचे. बाहेरचा वाजवत राहतो. मी बावीस वर्षे तिसऱ्या स्टँडवर आतला आहे. माझ्याशेजारी बसणाऱ्यांना सगळे 'बाहेरचे' म्हणतात. त्यांच्या घरीही म्हणतात असे ऐकून आहे.

नऊ वर्षांपूर्वी एका मैफलीत माझ्या हातून एकदम दोन पाने उलटली गेली. बाहेरचे माझ्यावर विश्वास ठेवून वाजवत राहिले. पुढच्या दोन्ही स्टँडवाल्यांनी मागून जोरात आवाज येतो आहे म्हणजे आपलेच चुकले असे समजून आमचा पाठलाग केला. जवळपास मिनिटभर संपूर्ण व्हायोला विभाग सिंफनीच्या वेगळ्याच भागात राहून आला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात परीक्षण आले: 'मधल्या स्वरांना कंडक्टरांनी दिलेला धाडसी नवा अर्थ विशेष लक्षात राहिला.' साहेबांनी ते कात्रण चौकटीत घालून आपल्या खोलीत लावले. मी खरे सांगायला गेलो तर म्हणाले, "पुढच्या वेळीही असंच वाजवा."

चूक माझी, अर्थ त्यांचा. ती चौकट मला परत मिळावी, हा माझा हक्क मी सोडलेला नाही.

कलम पाच. माझ्या अंत्ययात्रेत वाद्यवृंदाने वाजवू नये. अशा प्रसंगी जी संथ रचना वाजवतात तिच्यात व्हायोलांना एकच स्वर आहे, तोच, शेवटपर्यंत. तो मी सतरा सहकाऱ्यांसाठी वाजवला. माझ्यासाठी कोणी तो सोसू नये. साहेबांना भाषण करायचेच असेल तर करू द्यावे, पण हातात त्यांची छडी देऊ नये. छडी असली की लोक गप्प बसतात आणि त्यांना वाटते की पटले.

कलम सहा. खुर्ची.

गेल्या महिन्यात आमच्या समितीने ठराव केला: 'व्हायोला विभागातील सहावी जागा सध्याचा वादक निवृत्त, अक्षम अथवा मृत झाल्यास भरण्यात येऊ नये, आवश्यक तो आवाज कीबोर्डवरून घ्यावा.' सहावी जागा म्हणजे माझी. साहेबांनी मला प्रेमाने समजावले, "अहो, तो आवाज एका बटणात आहे." मी म्हटले, "छडी हलवण्याचंही बटण निघालं असेल, चौकशी करा." तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. वाजवताना ते माझ्याकडे तसेही बघत नव्हते, त्यामुळे फार फरक पडला नाही.

वास्तविक ती जागा भरायला माणूस तयार आहे. भिंगरीने गेल्या वर्षी आमची चाचणी दिली. चाचणी पडद्याआडून होते, वाजवणारा कोण ते परीक्षकांना दिसत नाही. साहेब पडद्याच्या अलीकडून ओरडले, "हाच! इतकी वर्षं हाच आवाज शोधत होतो!" पडदा सरकला. दुकानातून तशीच आलेली, गळ्यात माप घ्यायची टेप असलेली भिंगरी दिसली. साहेब म्हणाले, "उत्तीर्ण आहात. पण जागा नाही." तेव्हा ती माझ्यासमोर रडली नाही. टेप गुंडाळली आणि म्हणाली, "सर, उद्या तीन वाजता येऊ ना?" तेव्हापासून रोज तीन वाजता येते.

आता आमच्या घटनेचा एकोणिसावा नियम पाहावा. 'आजारी अथवा परगावी असलेल्या वादकास चाचणी उत्तीर्ण झालेला बदली वादक लेखी नेमता येईल. मूळ वादक परत रुजू होईपर्यंत बदली वादक त्या जागेवर राहील व समितीस त्याला हटवता येणार नाही.' हा नियम माझा नाही. साहेबांचा ट्रम्पेटवादक पुतण्या हवापालटासाठी गेला तेव्हा खास त्याच्यासाठी केला. मतदानात माझाही हात वर होता. आम्ही मागे बसतो, ठराव कशाचा ते ऐकू येत नाही. पुतण्याची हवा चार वर्षे झाली तरी पालटतेच आहे. त्याचा बदली रोज ट्रम्पेट वाजवतो आणि पत्रिकेत नाव पुतण्याचे छापले जाते.

आज दुपारी बारा वाजता मी भिंगरीच्या नेमणुकीचे पत्र घेऊन आमच्या कार्यवाहांच्या टेबलाशी गेलो.

ते म्हणाले, "परत कधी येणार ते लिहिलंच नाहीत."

"पुतण्यांनी लिहिलं होतं?"

"त्यांचं वेगळं."

"वेगळं ते नियमात कुठे आहे, तेवढं दाखवा."

त्यांनी नियमांची पुस्तिका पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. मग आवाज खाली आणून विचारले, "आणि समजा, तुमचं काही बरंवाईट झालं तर?"

"तर मला यायला उशीर होईल," मी म्हटले.

त्यांनी पोच दिली. शिक्का जरा तिरका पडला आहे, पण तारीख वाचता येते. ती पोच या कागदाला जोडली आहे.

दादाने विचारले, "मेलेला माणूस 'परत रुजू होईपर्यंत'? कोर्टात टिकेल असं वाटतं तुला?" मी विचारले, "नियमात 'जिवंत' हा शब्द आहे का?" त्याने चष्मा लावून पुन्हा वाचले. "नाही," तो म्हणाला, आणि बऱ्याच वर्षांनी माझ्याकडे पाहून हसला. "मग भांडू. नियम बदलायचा म्हटलं तर त्यांना सगळ्या वादकांची सभा बोलवावी लागेल. तिथे प्रत्येकाला कळेल, आज सहावा व्हायोला, उद्या आपण." दादास या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमतो. 'सुजलेलं व्हायोलिन' माफ.

कोणी असे समजू नये की मी मरणाच्या भीतीने हे लिहिले. मी बरा होऊन घरी आलो तरी सावकाशच रुजू होणार आहे. माझ्यासाठी हवापालटाची चांगली जागा पत्नी नकाशात शोधते आहे.

कलम सात, आणि शेवटचे. यात वस्तू नाही, विनंती आहे. खरे तर विनंतीही नाही.

बावीस वर्षे पाने उलटल्यामुळे प्रत्येक उजव्या पानाचा शेवट मी कधीच वाजवलेला नाही. जिथे सूर चढत जातो, तिथे माझा हात कागदावर असतो. मला सगळ्या सिंफन्या पाठ आहेत, पण भोके पडलेल्या. माझी जागा भिंगरीला मिळावी. ही भोके मिळू नयेत. म्हणून तिने बाहेर बसावे, बाहेरच्यांनी आत यावे, आणि पाने त्यांनी उलटावीत.

काल तालमीच्या सुट्टीत मी त्यांच्याशी हे बोललो.

"मी आत बसू? या वयात?"

"पान उलटायला वयाची अट नाही."

"अहो, सवय नाही मला. एकदम दोन उलटतील."

"उलटू देत. परीक्षण चांगलं येतं."

ते हसले नाहीत. गजाला राळ लावत बसले, गरजेपेक्षा बराच वेळ. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. साक्षीदार म्हणून त्यांना आज चार वाजता घरी बोलावले आहे. दुसरा साक्षीदार, आमचा झांजवाला, चारलाच येऊन बसला आहे; एका झांजेसाठी तासभर मोजत बसायची त्याला सवय आहे. आता सव्वाचार होत आले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे दादा म्हणतो. बाहेरच्यांना मी काहीच दिलेले नाही, फक्त काम लावले आहे, तेव्हा अडचण नसावी. ते आले नाहीत तर खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यांना बोलवावे लागेल. ते सज्जन आहेत, पण कुठे बसतात याने काही बिघडत नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि त्यातील एकही शब्द मागे घेत नाही.

स्थळ: राहते घर, दुसरा मजला, स्वयंपाकघरातील टेबल.
दिनांक: सोमवार, शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी.

लिहून ठेवणार: (सही) व्हायोलावादक, सहावी जागा, परत रुजू होईपर्यंत.

साक्षीदार पहिला: (सही) वाद्यवृंदातील झांजवाला. लिहून ठेवणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. मी चार वाजल्यापासून माझ्या सहीची वेळ मोजत बसलो होतो आणि बरोबर वेळेवर केली.

साक्षीदार दुसरा: (सही) आलो. जिना चढायला वेळ लागला. सर्व वाचले. तिसऱ्या स्टँडवरचा व्हायोलावादक, आजपासून आतला.