नवाबचा पत्र्याचा महाल

११ मार्च १९७९
आजपासून रोज लिहिणार. नवाबचा नवा गोठा पुरा झाला. पत्रे बीदरहून आणले. असला देवणी वळू औराद तालुक्यात दुसरा न्हाई. दृष्ट लागू नये म्हणून तिन्ही बाजूंनी भिंत घातली. बायको, शकू, म्हणली, लिंबाखाली चांगला होता की, कामून कोंडायलात. बायकांना प्रगती कळत न्हाई. रात्री मीही तिथंच झोपणार. सिक्युरिटी.

२ एप्रिल
रोज लिहायचं राहिलं. ऊन फार. शकू बीदरच्या डॉक्टरीणबाईकडं जाऊन आली. तिच्यात दोष न्हाई म्हणे, आता मालकाला घेऊन या. मला वेळ कुठाय? माझी तब्येत फर्स्टक्लास. मूल होईना म्हणून आई म्हणली, दुसरी बघू. मी गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे हो न्हाई. शकू जेवली न्हाई.

६ मे
नवाबला दाखवलेली आप्पारावची गाय उलटली, पुन्हा माजावर आली. गायीतच खोट असणार.

१ जून
अजून पाच उलटल्या. सगळ्यांतच खोट. नवाबला तुपातले उडदाचे लाडू चालू केले. तो खात न्हाई, नुसता धापा टाकतो. ताकद अंगात मावत न्हाई, दुसरं काय. लाडू मीच खाल्ले.

१७ जून
आईनं भालकीकडची पोरगी बघून ठेवली. घरात शकू, ओट्यावर आई, रस्त्यावर गाईवाले. कुठं जायचं? गोठ्यात आम्ही दोघं.

८ जुलै
पाऊस लागला तरी गाई उलटायल्यात. आप्पारावनं गुरांचे डॉक्टर चन्नबसप्पा आणले. ते सगळ्यांसमोर म्हणले, गाई ठीक आहेत. पत्र्याखाली उकडून वळूचं बी बिघडलं, सुधरायला दोन महिने लागतील. आधी वळू तपासायचा असतो अण्णा, गाईंना कामून बोल लावायलात? शकू चहा घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. आईनंबी बघितलं.

९ जुलै
नवाब लिंबाखाली निवांत रवंथ करायलाय. शकूनं माझा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. उद्या सकाळच्या गाडीनं बीदर. म्हणली, वळूसाठी डॉक्टर घरी येतात, तुमच्यासाठी येत न्हाईत. मी फक्त सोबतीला जायलोय. तरी भीती वाटायलीय. विचारलंच तर सांगेन, उन्हाळाभर मीही पत्र्याखालीच झोपलो.

पण लग्नाला सात वर्षं झाली. पत्र्याला चारच महिने.