बोलायची राहिलेली मराठी

प्रिय दातवाल्या,

पहिल्या ओळीलाच तीन कागद फुकट गेले. एकावर 'तुम्ही' लिहिलं, तर कचेरीत अर्ज करायला बसल्यासारखं वाटलं. दुसऱ्यावर 'तू' लिहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. तिसऱ्यावर दोन्ही टाळून लिहायचा प्रयत्न केला, ते तर अगदीच भिंतीशी बोलल्यासारखं झालं. आपण शिकत होतो त्या भाषेत बरं होतं, सगळ्यांना एकच सर्वनाम. शिकवणाऱ्या बाईंनाही तेच आणि बाईंच्या मांजरालाही तेच. तू माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मराठीत भेटलो असतो तर मी तुला अहो-जाहोच केलं असतं, निदान पहिले पंधरा दिवस. शेवटी ठरवलं, 'तू'च. अकरा वर्षांनी लिहितेय, आणखी अंतर कशाला वाढवायचं. मी निघाले त्या सकाळी फलाटावर तू एक वाक्य म्हणालास आणि मी ते दुरुस्त केलं, त्याबद्दल तुला काही सांगायचं आहे. धीर अजून पुरता गोळा झालेला नाही. तोवर इकडचं तिकडचं बोलते, तू सवयीप्रमाणे ऐकून घे.

आपली ओळख माझ्या गुडघ्याने करून दिली, आठवतं? परदेशातल्या त्या भाषेच्या वर्गात पहिल्याच दिवशी मी उशिरा पोचले, बाकाच्या लोखंडी कडेवर गुडघा आपटला आणि तोंडातून 'आई गं' निघालं. नाना देशांची एकवीस माणसं बसली होती. वीस जणांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, तू तोंडाकडे पाहिलंस. मला वाटलं, चला, देव पावला, आपलं माणूस सापडलं. मधल्या सुट्टीत धावतच आले तुझ्याकडे. गाव कुठलं, घरी कोण कोण, सगळे प्रश्न जिभेवर तयार. आणि तू ओठांवर बोट ठेवून भिंतीवरची पाटी दाखवलीस. जो मातृभाषेत बोलेल तो सगळ्या वर्गाचे कप विसळेल. मग त्या परक्या भाषेत, एकेक शब्द ओढून काढत, तू मला सांगितलंस की आधीचं वर्ष आपल्याच माणसांत राहून घालवलं, परीक्षेत दोनदा आपटलो, आणि ती पास झाल्याशिवाय माणसांचे खोटे दात बनवायचा परवाना मिळणार नाही. तेव्हा यंदा मराठी बंद. मला हसू आलं, पण मीही हट्टी. ठरलं, दोघंही पास झालो की त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोटभर मराठी बोलायचं. तोपर्यंत एक शब्दही नाही.

मग सुरू झाली आपली देवाणघेवाण. तुझे उच्चार सोन्यासारखे आणि व्याकरणाच्या नावाने बोंब. माझं बरोबर उलटं. काळ, लिंग, वचन सगळं मुखपाठ, पण मी वाचायला उभी राहिले की बाई डोळे मिटून घ्यायच्या. तू वर्ग सुटला की दुसऱ्याच्या हाताखाली जबड्यांच्या साच्यांत डोकं घालून बसणारा, जीभ कुठे टेकते, हवा कुठून निघते, हे तुझ्या बोटांनाच ठाऊक. भाड्याच्या त्या घरात आपल्या खोल्या शेजारी-शेजारी, स्वयंपाकघर एकच. तिथल्या टेबलापाशी तू माझ्या हातात लांब दांड्याचा छोटा आरसा दिलास आणि एकच स्वर शंभर वेळा म्हणायला लावलास. आ वासून बसलेली मी आणि आत डोकावणारा तू, हे घरमालकीणबाईंनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या आपली दुखरी दाढ घेऊन तुझ्यापुढे हजर. आपण नुसते दात बनवतो, उपटत नाही, हे त्यांना समजावताना तुझा सगळा शब्दसंग्रह संपला होता.

बदल्यात मी तुला क्रियापदं दिली. कपाटांच्या दारांवर चिठ्ठ्या डकवल्या, फ्रिजलासुद्धा सोडलं नाही. तुझं सगळं जग वर्तमानकाळात. मी लहान आहे तेव्हा आजोबा मरतात. उद्या मी परीक्षा देतो, काल मी परीक्षा देतो. घरं मिळवून देणाऱ्या कचेरीत तर तू 'मी दोन खोल्या आहे' असं सांगून आला होतास. त्या भाषेत भूत आणि भविष्य यांत फरक एका स्वराचा. तोंड जरा जास्त उघडलं की भविष्य, मिटतं ठेवलं की भूत. मला तो फरक कळायचा, पण म्हणता यायचा नाही. तुला म्हणता यायचा, पण कुठे कुठला लावायचा ते कळायचं नाही. चुकलास की मी लगेच टोकायची, आणि तू माझ्या तोंडाकडे पाहत दुरुस्त केलेलं वाक्य निमूट म्हणायचास. जन्मभर बोटीवर स्वयंपाक केलेला आपल्या वर्गातला तो म्हातारा म्हणायचा, तुम्हा दोघांत मिळून एक माणूस धड बोलतं. मला ते फार आवडायचं. मी तसं दाखवलं कधी नाही.

रविवारी सकाळी घरून फोन यायचे. आपला नियम असा, की दार लावून बोलायचं, एकाचं मराठी दुसऱ्याच्या कानावर पडू द्यायचं नाही. तुझा फोन वाजला की मी नळ सोडून भांडी घासत उभी राहायची, घासलेलीच पुन्हा. एका रविवारी मात्र मी नळ बंद केला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. 'हो, जेवलो. नाही गं, थंडी फार नाही. बरं, ठेवू?' संपलं. सहा महिन्यांत मी ऐकलेलं तुझं मराठी एवढंच. तू ते 'नाही गं' आईला म्हणाला होतास, पण मी ते चोरलं आणि सोबत घेऊन आले. कितीतरी दिवस वाटायचं, हा माणूस मला कधी 'नाही गं' म्हणेल. लिहितानाही कानशिलं तापतायत माझी, पण वाटायचं खरं.

आता माझं सांगते. मी तीच भाषा शिकवते. एका छापखान्याच्या वर वर्ग आहे, खाली यंत्र सुरू झालं की फळा थरथरतो आणि माझं अक्षर बिघडतं. परदेशी नोकरीला निघालेल्या नर्स, ड्रायव्हर, वेल्डर असे सगळे येतात. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला आरसा आणायला सांगते, ते मला वेड्यात काढतात. आई माझ्याकडेच असते. तिचे गुडघे गेलेत, पण तोंड शाबूत आहे, आणि ते मी पुरतं तिच्याकडून घेतलंय. आमच्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे मी. मामी नव्या सुनांना आधीच बजावून ठेवते, हिच्या तोंडी लागू नका. एकदा एक स्थळ आलं होतं, त्या गृहस्थांनी मला स्वयंपाक येतो का विचारलं, मी म्हटलं, येतो, तुम्हाला शिकायचा आहे का. चहा तसाच ठेवून उठले बिचारे. आई आठवडाभर बोलली नाही माझ्याशी, आणि मग एकटीच हसत सुटली.

ही मी तुला कुठे माहीत? तुझ्या ओळखीची होती ती गरीब गाय. तिथे मला टोमणा मारायला शब्दच नव्हते. राग आला तरी 'मला हे आवडले नाही' एवढंच म्हणता यायचं, आणि त्यातलं क्रियापद सापडेपर्यंत राग निघून गेलेला असायचा. सात-आठशे शब्दांत माणूस किती वाईट वागणार? मला ती मी फार आवडली होती. तुलाही आवडली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि म्हणूनच मला मनातून धास्ती वाटायची, की परीक्षा झाली, मराठी सुरू झालं, की दुपारच्या आत या माणसाला कळेल आपण कोणाशी गाठ बांधायला निघालो होतो.

निकालाच्या दिवशी तू तीन मार्कांनी गेलास, व्याकरणातच. मी पास. जिन्यात गाठून मी तुला म्हटलं, खड्ड्यात गेला तो नियम, आज बोलू. तेही त्यांच्याच भाषेत म्हटलं, खड्ड्याला शब्द आठवेना म्हणून नुसतं 'नियम जाऊ दे' म्हटलं. तू मानेनेच नाही म्हटलंस. दोघं म्हणजे दोघं. असा संताप आला होता मला, मराठी असतं तर तुझी खरडपट्टी काढली असती. पण खरं सांगू, आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. तुझी फेरपरीक्षा दोन महिन्यांनी, माझा तिथे राहायचा परवाना संपायला आठ दिवस. बाई म्हणाल्या होत्या, वरच्या वर्गात नाव घाल, परवाना वाढवून मिळेल, कागद मी भरते. मी त्यांना सांगितलं, घरी आई एकटी आहे. आई एकटी नव्हती. भाऊ होता, वहिनी होती, आणि आई स्वतः फोनवर म्हणाली होती, राहा की अजून, इथे काय जळतंय तुझ्यावाचून.

स्टेशनवर मी उशिरा पोचले. तू कधीचा येऊन उभा होतास, काम अर्धं टाकून आलेला, बोटांना पांढरं प्लास्टर तसंच. बॅग चढवून दिलीस. गाडी सुटायला चार मिनिटं होती आणि आपण हवेबद्दल बोललो, कारण हवेचा धडा आपला पक्का होता. मग तू त्यांच्याच भाषेत म्हणालास, मी तुझी वाट पाहीन. मी टोकलं. पाहीन काय, पाहत होतो म्हण, उशीर मला झाला ना. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस, नेहमीसारखं, आणि निमूट म्हणालास, मी तुझी वाट पाहत होतो. मी म्हटलं, शाब्बास. गाडी सुटली. घरी आल्यावर हा किस्सा मी सगळ्यांना हसून सांगायची, की बिचारा शेवटच्या मिनिटापर्यंत काळ चुकला.

पुढे तुझं एक कार्ड आलं. पास झालो, व्याकरणात एकाहत्तर. त्यांच्याच भाषेत. मी अभिनंदन कळवलं, तेही त्यांच्याच भाषेत. नियम तर तेव्हा सुटला होता. तू मराठीत सुरुवात करशील म्हणून मी थांबले, आणि तुझ्या बाजूने बहुधा तसंच काहीतरी झालं असेल. बाईंचं पत्र मात्र वर्षाकाठी एक येतं. यंदा त्यांनी लिहिलंय, की तुझी स्वतःची दोन खिडक्यांची कार्यशाळा झाली, आणि त्यांची कवळी तूच केलीस. म्हणतात, आता त्यांचे उच्चार पूर्वीपेक्षा चांगले येतात. तुझ्या घरात कोण आहे ते त्यांनी लिहिलं नाही, मी विचारलं नाही. पत्ता तेवढा मागून घेतला, तोही त्या मांजराची चौकशी करून झाल्यावर, सहज आठवल्यासारखा.

गेल्या मंगळवारी माझ्या वर्गातली एक नर्स तपासलेला पेपर घेऊन टेबलाशी आली. तिचं एक वाक्य मी लाल शाईने खोडलं होतं. ती म्हणाली, मॅडम, मी रात्रपाळीहून येऊन अभ्यास करते, माझं बरोबर असताना तुम्ही खोडलंत का. मी पाहिलं. भविष्यकाळ होता, अगदी जिथल्या तिथे. घाईत झालं असेल, असं म्हणून मी मार्क वाढवून दिला आणि तिची माफी मागितली. ती खूश होऊन गेली. मला मात्र पुढचा एकही पेपर तपासता येईना. चार दिवस तो गठ्ठा तसाच पडून आहे.

कारण तिचं मी घाईत खोडलं, तुझं जाणूनबुजून. सहा महिन्यांत तुझा स्वर एकदाही चुकला नव्हता, आणि त्या सकाळी तू तोंड पुरतं उघडून म्हणाला होतास. शिवाय आदल्या संध्याकाळी भिंतीपलीकडे तू तेच वाक्य घोकत होतास, मी ऐकलं होतं. मला तेव्हाच कळलं. कळलं म्हणूनच घाबरले, आणि उत्तर देण्यापेक्षा चूक काढणं मला सोपं गेलं. तू स्वतःपेक्षा माझ्या व्याकरणावर जास्त भरवसा ठेवायचास, म्हणून तू ते मान्य केलंस. तुझं वाक्य बरोबर होतं. मी म्हणायला हवं होतं, वाट पाहा, मी येते. तुझ्या घरात कोणी असेल तर हे पत्र तिलाही वाचून दाखव, अर्थ सांग, दोघं मिळून हसा, माझी हरकत नाही. हरकत आहे, पण चालेल. आणि कोणी नसेल, तर ते उत्तर आता दिलं तर चालेल का, एवढं विचारायला हे पत्र लिहिलंय.

तुझीच,
शेजारीण