केबल काढल्यानंतरचे दिवस

१ मार्च, सकाळ
केबल बंद केली. खोका परत देऊन आलो. काउंटरवरच्या बाईने तीनदा विचारलं, नक्की ना? म्हटलं, बाई, मी एकतीस वर्षं या रूसे शहरातले टीव्ही दुरुस्त केलेत. वर्कशॉप बंद पडलं म्हणून माझं डोकं बंद पडलेलं नाही. तिने सही घेतली आणि मार्चचा पहिला दिवस म्हणून मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधून दिला. शुभशकुन.

योजना अशी. पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा कॉम्प्युटर आणलाय. तो टीव्हीला जोडायचा. सिनेमे, गाणी, फोटो, सगळी चॅनल एका जागी, एका रिमोटवर. स्वतःच्या हाताने केलेलं मीडिया सेंटर. सोमवारपर्यंत काम फत्ते.

स्नेझाना फार्मसीतून आल्यावर सांगितलं. बायकोने पायातले बूटही काढले नव्हते. म्हणाली, आणि तोवर आई काय बघणार? म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे.

३ मार्च
राष्ट्रीय दिनाची सुट्टी. काम सुरू. अजून चित्र नाही, पण दिवा लागतो. दिवा महत्त्वाचा.

संध्याकाळी पाचला सासूबाई टीव्हीसमोर येऊन बसल्या. पाचला त्यांची तुर्की मालिका असते. चारशेवर भाग झालेत, एकही चुकलेला नाही. काळ्या पडद्याकडे अर्धा तास बघत बसल्या. मग म्हणाल्या, जावईबापू, आज त्यांच्या घरी लाइट गेलीय वाटतं.
वय एक्क्याऐंशी. जीभ अठराची.

७ मार्च
चित्र आलं. कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. म्हणजे वेगात चाललंय.

११ मार्च
पिवळ्या विजेचा अर्थ वेगळा निघाला. वीज कमी पडतेय. मी जुन्या फोनचा चार्जर लावला होता. दर सात मिनिटांनी मशीन बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं ते त्यामुळे. पाच दिवस मला वाटत होतं की ते शिकतंय.

सासूबाई पाचला खाली जाऊ लागल्या आहेत. कप्तान मिंचोकडे. तात्पुरतं आहे.

१९ मार्च
छोटासा अपघात. सिस्टीम टाकायला मेमरी कार्ड लागतं. ड्रॉवरमध्ये एक मिळालं. पुसलं, सिस्टीम टाकली, झकास चालली. संध्याकाळी स्नेझाना तिच्या रेकॉर्डरचं कार्ड शोधायला लागली.

ती वाचनघराच्या बायकांच्या गायनवृंदात आहे. बावीस वर्षं, कायम मागच्या रांगेत. या वर्षी पहिल्यांदा तिला एकटीने गायला दोन ओळी मिळाल्यात, तिसऱ्या गाण्यात. कार्यक्रमाचं चित्रण मेच्या सुरुवातीला स्टुडिओत होईल आणि चोवीस मेला, अक्षरदिनाला, शहराचं चॅनल तो दाखवणार आहे. त्या ओळी कशा घ्यायच्या हे वृंदाला शिकवणाऱ्या जुन्या बाईंनी त्या कार्डात गाऊन ठेवलं होतं. बाई ऑक्टोबरात वारल्या.

स्नेझाना ओरडली नाही. एवढंच विचारलं, सगळं गेलं? म्हटलं, सगळं नाही, कार्ड शाबूत आहे.
ती आत जाऊन पडली. मी दाराबाहेरून वचन दिलं. चोवीस मेला तुझा कार्यक्रम आपल्या मोठ्या पडद्यावर लागेल. अख्ख्या वृंदाला घरी बोलाव. त्या दिवशी मी तुझ्यासाठी काय उभं केलंय ते सगळ्यांना दिसेल.
आतला दिवा विझला. झोपली असेल.

२४ मार्च
कप्तान मिंचोबद्दल. आमच्या खालीच राहतो. डॅन्यूबवर बार्ज चालवायचा, आता निवृत्त, विधुर. दोन वर्षं आमचं बोलणं नाही. आमच्या बाथरूमचं पाणी त्याच्या छतातून गळलं तेव्हा मी शास्त्रीय मुद्दा मांडला होता की ते पाणी त्याचंच असू शकतं. त्याला शास्त्र कळत नाही.

तो अकॉर्डियन वाजवतो. जुन्या बाईंना साथ करायचा, त्यामुळे त्याला ते गाणं बाईंच्या पद्धतीने पाठ आहे. स्नेझाना आता मंगळवारी आणि शुक्रवारी खाली सरावाला जाते. माझी हरकत नाही. मला कामाला शांतता लागतेच.

२ एप्रिल
मोठी झेप. बाल्कनीत अँटेना लावला, मशीनला जोडला. बावीस चॅनल सापडली. बावीसच्या बावीस रोमानियाची. नदीपलीकडून सिग्नल थेट येतो, आपला टॉवर टेकडीआड आहे.

सासूबाईंना हौसेने बोलावलं. त्यांनी पलीकडचा शेतकी कार्यक्रम मन लावून पाहिला. म्हणाल्या, जावईबापू, तो माणूस डुकरिणीबद्दल बोलतोय की बायकोबद्दल? मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, एवढ्या प्रेमाने बोलतोय म्हणजे डुकरीणच.
आणि खाली गेल्या.
नोंद: चित्र अतिशय स्वच्छ होतं.

५ एप्रिल
नवा निर्णय. अँटेना रद्द. शहराचं चॅनल इंटरनेटवरही दिसतं. आधीच बघायला हवं होतं, पण पाया भक्कम करायचा तर सगळे मार्ग तपासावे लागतात.

८ एप्रिल
मशीन गरम होतं. शिवाय टीव्हीखाली उघड्या वायरी वाईट दिसतात. म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, मागे वायरींसाठी भोकं पाडली, आत लाकडी ठोकळ्यावर मशीन बसवलं, झाकण घट्ट. हातात अजून कसब आहे. वर्कशॉपमधली माणसं असती तर बघत राहिली असती.
इंटरनेट मात्र अचानक लागेना. राउटर म्हातारा झालाय.

१२ एप्रिल
राउटर फ्रिजवर ठेवून पाहिला. खिडकीत ठेवला. कपाटावर ठेवला. दोष या सिमेंटच्या भिंतींचा आहे. कम्युनिस्टांनी इमारती बांधताना कसलाच विचार केला नव्हता.

स्नेझाना म्हणाली, पावाच्या डब्यात राउटर का आहे? मी कारण सांगायला लागलो. ती म्हणाली, नको, पाव कुठेय तेवढं सांग.

१६ एप्रिल
खालून अकॉर्डियन ऐकू येतं. त्यातली पितळी पट्टी लहरींत अडथळा आणत असणार. चिठ्ठी लिहिली: "मंगळवार व शुक्रवार ६ ते ८ वाजवू नये. तांत्रिक कारण." स्नेझानाने ती जिन्यातच घडी करून खिशात घातली. म्हणाली, त्सान्को, मी तुला हात जोडते. तिने याआधी मला हात कधी जोडले होते ते आठवत नाही.

२० एप्रिल, ईस्टर
कप्तानाने आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. मी म्हटलं, तुम्ही दोघी जा, माझं काम ऐन टप्प्यावर आहे. स्नेझाना दारात थोडी थांबली. मग गेली. कोकरू खालीच शिजत होतं, वास वर येत होता.

मी ब्रेड आणि चीज खाल्लं. रंगवलेली अंडी दोन उरली होती. सणाला अंड्यावर अंडं आपटायचं असतं, ज्याचं फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं जातं. एक उजव्या हातात घेतलं, एक डाव्या. उजवा हात जिंकला.
इंटरनेट नाही.

२९ एप्रिल
नवा राउटर. जुन्यासारखाच निघाला.
रात्रीचं जेवणही आता त्या दोघी खालीच करतात. माझं ताट झाकून ठेवलेलं असतं. स्वयंपाक आपल्याच घरचा असतो, फक्त खाल्ला तिकडे जातो. याला घर सोडणं म्हणता येणार नाही.

६ मे
रहस्य उलगडलं. सासूबाई चष्मा न्यायला वर आल्या होत्या. टीव्हीखालचा डबा दिसला, त्यांनी बिस्किटासाठी झाकण काढलं. त्याच क्षणी पडद्यावर शहराचं चॅनल आलं. बातम्या, हवामान, सगळं. झाकण लावलं, गेलं. काढलं, आलं.

पत्र्यातून लहरी जात नाहीत. हे मी शिकाऊ मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवायचो.
सासूबाईंनी डब्यात डोकावून विचारलं, बिस्किटं कुठायत? मी म्हटलं, आई, तुम्ही एक महिन्याचं काम वाचवलंत. त्या म्हणाल्या, म्हणजे नाहीतच.

खरं तर पत्र्याचा संशय मला होताच. फक्त प्रयोगाने सिद्ध व्हायचं बाकी होतं.

१३ मे
सात दिवस सलग चालतंय. स्नेझानाला दाखवलं. तिने ओल्या हातांनीच पाहिलं. म्हणाली, चांगलंय. मग हळूच म्हणाली, त्सान्को, चोवीसला सगळ्या बायका कप्तानाकडेच बसल्या तर? तिथे नुसतं बटण दाबलं की लागतं.

म्हटलं, स्नेझाना, मी तीन महिने दुसरं काहीच केलेलं नाही. माझ्याकडे दुसरं काही नाहीये. एवढं एकदा मला दाखवू दे.
तिने ओले हात पुसले. म्हणाली, बरं. बोलावते इकडे.

२३ मे
रंगीत तालीम तीनदा. तिन्ही वेळा निर्दोष. खुर्च्या मांडल्या. अकरा बायका, सासूबाई, स्नेझाना. कप्तानालाही बोलावणं गेलंय, ते माझ्या बाजूने कौतुकास्पद आहे.

२४ मे, सकाळी ९
चालू. चित्र ठीक. आवाज ठीक. पांढरा शर्ट इस्त्री केला.

दुपारी ४.४०
चालू. झाकण काढलेलं.

५.२०
बायका आल्या. मिरवणुकीतून थेट, भरतकामाचे झगे घालूनच. चीजची बानित्सा आणली आहे. सगळ्यांनी डबा पाहिला. जाडसर दोब्रिन्का म्हणाली, एवढ्याशा यंत्रातून आम्ही सगळ्या मावणार? हसल्या. मीही हसलो. स्नेझाना पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसली आहे. कानात आईची कर्णफुलं. ती सारखी ती चाचपतेय.

५.४१
कोपऱ्यात सूचना आली: नवी आवृत्ती उपलब्ध, दोन मिनिटं लागतील. कार्यक्रम सहाला आहे. आजच्या दिवशी जुन्या आवृत्तीवर कशाला दाखवायचं? दाबलं.

५.५२
अकरा टक्के.

५.५८
एकोणीस टक्के. पडदा काळा. पाठीमागे एक खुर्ची करकरली. मला मागे वळवत नाही. नंतर लिहितो.

६.०५
गेल्या सगळ्या.
झालं ते असं. मी म्हटलं, एक मिनिट, फक्त एक मिनिट. कप्तान उभा राहिला, म्हणाला, त्सान्को, खाली चालू आहे, या सगळे, तूही ये. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला. स्नेझाना उठली. रागावली असती तर बरं झालं असतं. दोब्रिन्काचा हात धरून म्हणाली, चला गं, लवकर, पहिलं गाणं निघून जाईल. सासूबाईंनी बानित्साचं ताट उचललं. दारातून माझ्याकडे पाहिलं, आणि एकही टोमणा मारला नाही.
मी थांबलो. मशीन अर्ध्यावर सोडून जाता येत नाही, बिघडतं.

६.२०
चौतीस टक्के. रेडिएटरच्या पाइपमधून खालचा आवाज येतो. कान लावला की बऱ्यापैकी ऐकू येतं. पहिलं गाणं संपलं. टाळ्या.

६.३१
तिसरं गाणं. सगळ्या जणी गात होत्या, मग थांबल्या, आणि एकच आवाज आला. उंच, कोरडा, मध्येच कापणारा, पण खाली न पडणारा. कुणाचा ते मला ओळखता आलं नाही. वाटलं, नवी कुणी तरुण पोरगी घेतलीय, स्नेझानाच्या ओळी अजून यायच्यात. वाट बघत राहिलो. गाणं संपलं. खाली सगळे एकदम बोलायला लागले. सासूबाई रडत होत्या, तेही पाइपमधून कळलं.
पाइप थंड होता. मी बराच वेळ तिथेच गुडघ्यांवर होतो.

६.४६
शंभर टक्के. शहराचं चॅनल लागलं. हवामान. उद्या रूसेला ऊन.

२५ मे
सकाळी स्नेझानाने कॉफी दिली. विचारलं, ऐकलंस? म्हटलं, हो, पाइपमधून, अगदी स्पष्ट. ती म्हणाली, कसं झालं? म्हटलं, उत्तम. ती माझ्याकडे बघत राहिली. चौतीस वर्षं बघतेय, तिला कळतं. मग मीच म्हटलं, तुझा आवाज मला ओळखता आला नाही.
तिने माझ्या कपात साखर घातली, जी मी घेत नाही.

संध्याकाळी पाचची मालिका संपायची वाट पाहिली आणि खाली गेलो. बेल मीच वाजवली. कप्तानाने दार उघडलं. मी म्हटलं, छताचं पाणी आमचंच होतं. तो म्हणाला, माहितेय, आत ये. त्याच्या केबलच्या खोक्यात कालचा कार्यक्रम आपोआप साठवला गेला होता. सासूबाई सोफ्यावर सरकल्या आणि जागा करून दिली. कप्तानाने तिसरं गाणं लावलं.

मागच्या रांगेतून स्नेझाना दोन पावलं पुढे येते. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नाही. मग तोंड उघडते.

परत लावायला सांगितलं. चार वेळा लावलं. चौथ्यांदा बटण मी दाबलं, कप्तानाने दाखवलं कुठलं ते.
मशीनबद्दल कुणी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.