कूप क्रमांक आठचा शेरा

प्रति,
मा. उपवनसंरक्षक,
खापरदरा वन विभाग, जि. अमरावती.

विषय : कूप क्र. ९ ची तोड थांबवून कूप क्र. ८ ची प्रत्यक्ष पाहणी करण्याबाबत.
संदर्भ : कूप क्र. ८ ची नोंदवही, दि. २३/१०/१९७३, शेरा 'पुनर्निर्मिती समाधानकारक'.

महोदय,

अर्जदार हा आपल्या विभागातून १९९६ साली निवृत्त झालेला वनपाल असून हल्ली राजापेठ, अमरावती येथे राहतो. वरील शेरा अर्जदाराच्या हातचा आहे. तो खोटा आहे.

१. कूप क्र. ८ या तोडीसाठी आखलेल्या जंगलपट्ट्यातील साग १९७१ साली सरसकट तोडला गेला. दोन वर्षांनी खुंटांना फुटवे आले की नाही, हे पाहण्याचे काम अर्जदाराकडे होते. नाल्याला पाणी असल्याचे निमित्त करून अर्जदार विश्रामगृहाच्या ओसरीवर पुस्तक वाचत बसला आणि न पाहताच 'समाधानकारक' असे लिहून मोकळा झाला.

२. माहिती अधिकारात मिळालेल्या प्रतींवरून दिसते की, १९८३ व १९९५ साली हाच शेरा पुढे उतरवला गेला. दर वेळी झाडांची उंची तेवढी वाढली. कागदोपत्री आज तेथे चाळीस फुटी साग उभा असून त्याने साठवलेल्या कार्बनचे टनही मांडले आहेत. त्याच भरवशावर शेजारच्या कूप क्र. ९ मधील जुना साग १ डिसेंबरपासून तोडावयाचा आहे.

३. गेल्या महिन्यात अर्जदार परतवाड्याहून जीपने तेथे गेला. भर दुपारी पाखराचा आवाज नव्हता. घाणेरीखाली खुंट मेलेले, माती खडकापर्यंत धुपलेली. तोडीपूर्वी बुंध्याशी मारलेला हातोड्याचा शिक्का एका खुंटावर अजून बोटाला लागतो. आमच्या तोडीवरचे जुने मजूर देवमन सोबत होते. यंदा कपाशी बुडाल्याने त्यांनी कूप क्र. ९ च्या तोडीवर पुन्हा नाव लावले आहे. ते म्हणाले, "बाबूजी, झाडं तुमच्या वहीतच उगवले काय? इथं त काडी नाई. मले काम पाह्यजे, पण नऊ नंबरले हात लावाले जीव होत नाई."



४. अर्जदार शास्त्रज्ञ नाही. पुढील माहिती पुस्तकांत वाचलेली आहे, चूक असल्यास क्षमा असावी. दारा-तुळयांत गेलेल्या सागातला कार्बन दोन-तीन पिढ्या तेथेच राहतो. जळाऊ लाकडातला धुरावाटे जातो, उघड्या पडलेल्या मातीतलाही जातो. ही तूट त्याच जागी जंगल परत उभे राहिले तरच भरते. ते उभे राहिले, असे एकट्या अर्जदाराने सांगितले होते.

५. परतल्यापासून अर्जदारास जेवताना कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात. पत्नी इंदूबाई म्हणतात, "रिटायर होऊन अकरा वर्षं झाले, आता त जंगल सोडा." घाव एका झाडापुरते भरतात; झाड पडल्याचा आवाज मात्र कधीच येत नाही. हा वयाचा दोष असावा. हा परिच्छेद विचारात न घेतला तरी चालेल.

तरी कूप क्र. ९ ची तोड थांबवावी, अर्जदाराचा शेरा रद्द करावा व होईल ती चौकशी करावी.

आदेश न आल्यास अर्जदार १ डिसेंबरला सकाळी कूप क्र. ९ च्या सीमेवर हजर राहील. अडवण्याचा हेतू नाही. तेवढे धैर्य अर्जदारात नाही. पहिले झाड पडण्यापूर्वी हा अर्ज तेथील मजुरांना मोठ्याने वाचून दाखवण्याची परवानगी मिळावी.

सोबत : तिन्ही शेऱ्यांच्या छायाप्रती.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत,
भगवंतराव तुळशीराम ढोके
अमरावती, दि. १४/११/२००७