मेहरीनची रजा

सावेडी, नगर
४ ऑगस्ट २०२५

प्रिय यशयादादास,
एंजेलाचा प्रभूत सलाम वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू मनाने जोडतोस, म्हणून लिहितेय. एमडी करणाऱ्या ज्युनियर डॉक्टरांचं शिक्षण आणि देखभाल कॉलेजने माझ्याकडे सोपवली आहे.

त्यातली पहिल्या वर्षाची मेहरीन, जामखेडची, फार गुणी मुलगी. काल राउंडला पेशंटची माहिती सांगता सांगता उभ्यानेच डोळा लागला आणि पलंगाच्या कडेवर कोसळली. कपाळाला टाके पडले. लगेच राजीनाम्याचा अर्ज माझ्या हातात! कित्येक आठवडे तिला सुट्टीच मिळालेली नाही. विभागप्रमुख म्हणतात, आम्हीही असेच शिकलो. शनिवारी तिचे वडील अलीमभाई तिला न्यायला येतायत. काय करू रे?

वहिनीला सलाम. माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.
तुझी एंजेला

वांबोरी
६ ऑगस्ट

चि. एंजेलास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी पाळकांचा उपदेश सुरू झाला की तू देवळात माझ्या खांद्यावर घोरायचीस. तुझा राजीनामा कोणी घेतला नाही!

मी हेडमास्तर असताना शाळेत रागाच्या भरात मुलाचा दाखला मागायला आलेल्या पालकाला आधी घरी पाठवायचो. तूही तिला जाऊ दे. अर्ज तुझ्यापाशी ठेव, बोधबिध करू नकोस. आणि तिच्या जागी तू स्वतः उभी राहा. गुडघे दुखतात ते माहीत आहे, तरी राहा. मग प्रमुखांशी बोल.

वहिनी शेंगदाण्याची चटणी पाठवतेय. म्हाताऱ्या भावाची आठवण ठेव.
तुझा दादा

सावेडी, नगर
१८ ऑगस्ट

प्रिय दादास,
प्रभूत सलाम वि. वि.

अलीमभाई भांडायच्या तयारीनेच आले होते. मी म्हटलं, की हिला घरी न्या, पोटभर झोपू द्या, अर्जाचं नंतर बघू. तर ते खुर्चीत बसून रडायलाच लागले.

रविवारी तिची ड्युटी मी केली. आसाराम नावाच्या आजोबांचं रक्त घेताना मला पुन्हा पुन्हा टोचावं लागलं. ते म्हणाले, की त्या कपाळाला लागलेल्या पोरीचा हात लई हलका हाय, तुमी अजून शिकताय का? सगळा वॉर्ड हसला. प्रमुख दारातच उभे होते, तेही हसले. मग मी त्यांना स्पष्ट विचारलं, की पुढचा रविवार कोण करणार? ते म्हणाले, मीच करतो. आणि काल खरंच केला! बाकीचे शिक्षक कुरकुरले, पण आता आळीपाळीने सगळेच उभे राहणार. प्रत्येक ज्युनियरला आठवड्याला एक पूर्ण दिवस मोकळा.

आसाराम आजोबांचं बोलणं मेहरीनला फोनवर सांगितलं. खूप वेळ हसली, मग हळूच म्हणाली, की मॅडम, तो अर्ज फाडून टाका.

आज ती यायची होती. सकाळी चाचरत फोन केला, की अजून एक दिवस मिळेल का? आजारी नाही, काही काम नाही, नुसतं अम्मीजवळ बसायचंय. दादा, इतक्या वर्षांत एकाही ज्युनियरने मला खरं कारण सांगून रजा मागितली नव्हती. सगळ्यांना ताप तरी यायचा, नाहीतर कोणीतरी वारायचं. मी लगेच हो म्हटलं, आणि दिवसभर गुणगुणत वॉर्डात फिरले.

आशीर्वाद असू दे.
तुझी एंजेला