जयसिंगरावांचा कोट

३ जून १९७३
आणि म्हणे जनार्दन कुठे टिकत नाही! दादाच्या पत्रात पुन्हा तेच. तिसरीतून शाळा सोडली, बेकरी सोडली, गॅरेज सोडलं. आता बघ म्हणावं. बडोद्याला फतेगंजात गणपतराव पेंटरांकडे लागलो. काम काय, तर खुर्चीत बसायचं! वारलेल्या माणसाची तसबीर काढायची असली की घरचे एखादा पुसट फोटो आणि त्याचे कपडे आणून देतात. कपडे मी घालायचे. खांदे, घड्या, उजेड माझ्यावरून. तोंड फोटोतलं. झकास आहे.

९ जून
इथल्याच समा भागातल्या जिजाबाईंचा मुलगा जयसिंगराव करजणच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. माझ्याच वयाचा. फोटोत फेट्याची सावली डोळ्यांवर. गणपतराव म्हणाले, सीधा बस, भाई, तुझेच डोळे घालतो. मी म्हटलं, आई आहे, ओळखेल की. ते हसले. म्हणाले, डोळ्यांचं काम थोडंच असतं, माणूस मनातलंच बघतो.

१४ जून
जिजाबाई आल्या. तसबीर बघून तोंडाला पदर लावला. हाच माझा जयसिंग, म्हणाल्या. मला आतून हसू येत होतं. मग माझ्याकडे वळल्या. कोट अंगातच होता. म्हणाल्या, किती वाळलास रे.

१८ जून
रोज येतात. माझी मान हाताने डावीकडे वळवतात, तो असा बसायचा म्हणे. आज खमण आणलं. मला खमण आवडत नाही. सगळं खाल्लं.

२१ जून
गणपतरावांना म्हटलं, माझे डोळे पुसा. लगेच पुसले. तरी तसबीर माझ्याकडे बघतेच आहे. ते म्हणाले, तिथे नुसता तपकिरी रंग आहे, डोळे तू भरतोस.
असेल. पण आरशात माझ्या तोंडावरही तसाच रंग होता — आणि मी भरले ते डोळे माझे नव्हते —

२३ जून
गावी जायचं. आई ओळखेल. आईच ओळखेल. तिचं तोंड आठवायला बसलो. तोंडाला पदर लावलेल्या जिजाबाईच येतात. दुसरं कुणी येत नाही —

२५ जून
पोस्टात आलोय. आईला मनीऑर्डर. पत्ता गावचा लिहायचा होता. हाताने समा लिहिलं. खोडलं. बाबू फॉर्म वाचून म्हणाला, पाठवणारे जयसिंगराव तुम्हीच ना?
मान डावीकडे —
आई, नाव वाचू नकोस. मी तुझाच. पाठवतोय रुपये चाळी—