लेट म्हणजे उशिरा

उदगीर, जिल्हा लातूर
(जिल्हा उस्मानाबाद आता लिहायचं नाही म्हणतात)
चैत्र, १९८३

प्रिय नीलम्माचे अप्पा,

नीलम्माचं लग्न ठरलं. मुलगा चाकूरचा, शिवमूर्ती नाव, शाळेत मास्तर आहे. बोलायला मऊ आहे आणि जेवतो इतका सावकाश, की वाढणारी कंटाळून जाते. बाकी सगळं जमलं, पण पत्रिका अडून बसली. छापखान्यातून रोज निरोप यायचा, की मुलीच्या वडिलांच्या नावाआधी 'श्री.' घालायचं की गेलेल्या माणसाचं 'लिं.'? तुम्ही गेलात त्याला दहा-अकरा वर्षं झाली, पत्र नाही, निरोप नाही. माझा भाऊ रेवणसिद्ध म्हणाला, 'अक्का, लिंगैक्य लिही आन् मोकळी हो.' मी म्हटलं, मोकळी व्हायला मी काय दावणीची म्हैस आहे का? तो हसला, पण प्रश्न जागचा हलला नाही. हे बोलायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुमच्याशीच बोलते.

तुम्ही मला इंग्रजीतला एकच शब्द शिकवलात, आठवतो का? दुष्काळाचं साल होतं. मोंढ्यात धान्यच येईना, तिथं तुमच्यासारख्या मापाड्याला कोण विचारतो? मी बायकांबरोबर खडी फोडायला जात होते आणि तुम्ही हैदराबादच्या बाजूला काम बघायला निघालात. स्टेशनवरच्या फळ्यावर खडूनं काहीतरी लिहिलं होतं. मी विचारलं, तर म्हणालात, 'गाडी लेट हाय. लेट म्हंजे येणार, पन उशिरा.' नीलम्मा तुमच्या मांडीवर झोपली होती. सासू नाही, शेजार नाही, पाण्याची रांग नाही. लग्न झाल्यापासून आपण दोघं इतका वेळ नुसते बसलोच नव्हतो. ती गाडी आणखी लेट व्हावी असं मला वाटत होतं. तुम्हाला ते सांगायला हवं होतं, पण लाज वाटली.

मग तोच शब्द मी धरून बसले. पाण्याच्या टँकरवर शेजारची धुरपताबाई विचारायची, 'मालक आले का गं?' मी म्हणायची, 'लेट हायत.' बाया हसायच्या, मीही हसायची. मागल्या वर्षी लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले, आणि आम्ही नव्या रेशन कार्डासाठी रांगेत उभ्या राहिलो. टेबलामागचा कारकून पोरसवदा होता, कुठल्या तरी मोठ्या गावचा. त्यानं मालकांचं विचारलं. मी सवयीनं सांगितलं, लेट आहेत. त्यानं मान खाली घातली, मला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मला वाटलं, नव्या जिल्ह्यात माणुसकी आली वाटतं. घरी आल्यावर नीलम्मानं कार्ड वाचलं. तुमच्या नावापुढे 'मयत' लिहिलं होतं. मी तशीच भांडायला गेले. बिचारा म्हणाला, 'बाई, तुम्हीच तर लेट म्हणालात.'

नीलम्मा मॅट्रिक झाली आहे. तिनं मैत्रिणीचा शब्दकोश आणून मला वाचून दाखवला. लेट म्हणजे उशिरा, मागाहून, अलीकडचा, सरत्या वेळचा, आणि दिवंगत. मला हसू आलं आणि रडूही. आपल्याकडे गेलेल्या माणसाला किती शब्द आहेत. आपल्यात लिंगैक्य, धुरपताबाईच्या माळकरी सासऱ्याला वैकुंठवासी, पलीकडच्या बौद्ध गुरुजींच्या घरी कालकथित, तांबोळणीचा नवरा मरहूम. मरणातसुद्धा जो तो आपापल्या घरी जातो. इंग्रजांना एवढी सवड नसावी. ज्याची वाट बघायची तो लेट, आणि ज्याची बघायची नाही तोही लेटच. मी मात्र माझ्याकडचा अर्थ सोडला नाही. कार्डावरचा शब्द खोडून आणला तेव्हाच जेवले.

एक सांगू? हळदीकुंकवाला बोलावतात मला, पण कुंकू लावताना बायकांचं बोट क्षणभर थांबतं. त्या थांबण्याची मला सवय झालेली नाही. आता नीलम्मा गेली की घरात अव्वा म्हणून हाक मारायला कोणी राहणार नाही. रेवणसिद्धाला हे कळत नाही. तो म्हणतो, माझ्याकडे ये राहायला. भावाच्या घरी माणसं भरपूर आहेत, पण तिथं मी कोणाची वाट बघत बसू?

मागच्या आठवड्यात बस्त्यासाठी नांदेडला गेलो होतो. शिवमूर्तीच्या मामांचं तिथं कापडाचं दुकान आहे. मंडळी शालू बघत बसली. मला चक्कर आल्यासारखं झालं म्हणून मी बाहेर पडले आणि मोंढ्याकडे वळले. एका आडतीपुढे हरभऱ्याचं माप चाललं होतं. मापाडी पाठमोरा होता. त्यानं मोजायला सुरुवात केली, 'लाभ, लाभ...' एकाला एक न म्हणता लाभ तर सगळेच मापाडी म्हणतात. पण त्या शब्दावर गळा असा ओढणारा मला एकच माहीत आहे. तुमचे केस पिकलेत. डबा घेऊन एक बाई आली, तुम्ही तिच्या हातून पाणी घेतलंत, ती काहीतरी बोलली आणि तुम्ही हसलात. मी खांबाला धरून उभी होते. हाक मारली नाही. दुकानावरची पाटी तेवढी वाचून घेतली, हे पत्र त्याच पत्त्यावर धाडते आहे. नीलम्माला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. मेलेल्या बापाचं दुःख ती सोसेल, दुष्काळ सरल्यावरही घरी यावंसं न वाटलेल्या बापाचं तिनं का सोसावं? मी छापखान्यात जाऊन 'लिं.' घाला म्हणून सांगून आले. आजवर तुमचं नाव मी तोंडानं घेतलं नव्हतं, तिथं घेतलं. रेवणसिद्धाला बरं वाटलं. आता कन्यादान तो आणि त्याची बायको करतील. म्हणून हे लिहिते आहे, की लग्नाची बातमी कानावर आली तरी येऊ नका. मांडवात मी कुंकू पुसून नुसती विभूती लावून मागच्या बाजूला उभी असेन. लोक हळहळतील, आणि तुम्ही जिवंत आहात हे तिथं एकट्या मला माहीत असेल.

तुमचीच होते,
शिवगंगा